मोतीबिंदू मोठा करणारं यंत्र

मनसारामच्या धाकट्या लेकीचं, भाग्यश्रीचं लग्न दोन हजार आठच्या वैशाखात झालं, आणि लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला जावई हेमराज ते यंत्र घेऊन सासुरवाडीला आला. म्हणजे दोन हजार नऊचा जानेवारी. साल विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही, कारण त्याच महिन्यात मनसारामने दोन गोष्टी केल्या, ज्या तो मेला तरी करणार नव्हता. एक, खरी पारख न करता वस्तूला पास केलं. दोन, डोळ्यात सुरी घालू दिली!

पारख म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. चामोर्शीपासून दोन कोसांवर मरळटोला नावाची ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, वस्ती आहे. साठ घरं आणि एक मोठा तलाव. तिथे कोणी नवं जाळं आणलं की ते एकदम वापरात येत नाही. आधी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सगळा गाव जमतो. जाळ्याला कुंकू लागतं, नारळ फुटतो, जाळं तीन वेळा पाण्यात बुडवतात आणि मग एकदाच टाकतात. त्या पहिल्या खेपेला जे मासे येतील ते घराघरांत वाटले जातात. मग जाणता माणूस म्हणतो, "ठेवा," किंवा म्हणतो, "परत करा." हा जाणता माणूस गेली तीस वर्षं मनसाराम होता.

सवय लागली की सुटत नाही. मनसाराम जाळ्यावर थांबला नाही. छत्री घेतली तेव्हा तो भर पावसात तासभर छत्री उघडून उभा राहिला, आणि कोरडा राहिलो की नाही हे पाहायला शेजारच्या पत्रूला बाहेर पावसात उभं केलं. छत्री पास झाली, पत्रूला ताप आला. हेमराजचं स्थळ आलं तेव्हा तर त्याने त्याला डोंग्यात बसवलं, भर तलावात नेलं, वल्हं त्याच्या हातात दिलं आणि स्वतः आडवा झाला. हेमराज तिकडे कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात कामाला. जात ढिवराची, पण वल्हं त्याने कॅलेंडरवरच्या चित्रात पाहिलेलं! दोन तास डोंगा एकाच जागी गिरगिर फिरला. पण पोरगा रागावला नाही, हाक मारली नाही, उडी टाकून पळाला नाही.

"टिकन हा!" मनसाराम म्हणाला, आणि लग्न ठरलं.

"मी कोणत्या वस्तूत फसलो, दाखवा!" हे त्याचं नेहमीचं वाक्य. कोणी दाखवू शकत नव्हतं.

दुसरी सांगायची गोष्ट म्हणजे त्याचं वाचन. मनसाराम अक्षरं शिकला बावन्नाव्या वर्षी. सरकारचे साक्षरता वर्ग निघाले होते, आणि अंगणवाडीच्या सुगंधाबाई समाजमंदिरात म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाटी धरायला लावत. वीस जण बसले, अठरा उठून गेले, एक झोपायला येत होता, एक मनसाराम. बाराखडी पुरी व्हायला इतके दिवस लागले की तेवढ्यात त्याची म्हैस दोनदा व्याली. पण एकदा वाचता यायला लागल्यावर तो थांबेना. पेपर, पंचांग, खताच्या पोत्यावरचा मजकूर, लग्नपत्रिका, चामोर्शीच्या वाचनालयातली पुस्तकं. रोज दुपारी जेवण झालं की ओसरीवर बायको गोकुळा जाळं दुरुस्त करायला बसायची आणि हा तिला मोठ्याने वाचून दाखवायचा. जोडाक्षर आलं की थांबायचा. नाल्यात अडकलेली बैलगाडी असते तसा. खाली उतरायचं, मागून जोर लावायचा, एकदा, दोनदा, आणि मग गाडी पलीकडे! तोवर गोकुळा हातातली सुई तशीच धरून थांबायची. तिला एक अक्षर येत नव्हतं, पण नवरा कुठे अडकणार हे तिला बसल्या जागी कळायचं.

गेली दोन वर्षं मात्र अक्षरं धूसर झाली होती. परडीतले झिंगे वळवळावेत तशी पानावर वळवळायची. डोळ्यांच्या कॅम्पातल्या डॉक्टरने सांगितलं, मोतीबिंदू पिकलाय, काढून टाका. वैनगंगेच्या पुरात डोंगा घालणारा हा माणूस ते ऐकून कॅम्पाच्या मागच्या दाराने पळाला आणि चालत घरी आला! तेव्हापासून दुपारचं वाचन अर्ध्या पानावर आलं, मग चार ओळींवर, मग शीर्षकावर.

"आज काय आहे पेपरात?" गोकुळा विचारायची.

"मोठ्या अक्षरात काही विशेष नाई," तो म्हणायचा.

अशा वेळी हेमराज आला. पिशवीतून त्याने पाटीएवढी एक राखी रंगाची वस्तू काढली. कारखान्यातल्या एका साहेबाला त्याच्या भावाने परदेशातून पाठवलेली. साहेबाची बदली झाली होती आणि तो ती विकायला काढत होता.

"मामाजी, हे पुस्तक वाचाचं यंत्र आहे. दीड हजार पुस्तकं मावतात यात!"

मनसारामने ते तळहातावर तोललं. "मंग इतकं हलकं काऊन?"

"पुस्तकं आत आहेत ना!"

"आन् उजेड कुठी आहे याचा? टीव्हीले तं उजेड असते."

"उजेड नाई याले. अगदी कागदासारखं आहे."

"मंग कागदानं काय घोडं मारलं?"

"मामाजी, कागदावरचं अक्षर मोठं होत नाई. यातलं होते! ही बटन दाबली का वाटाण्याएवढं, अजून दाबली का सुपारीएवढं, अजून दाबली का वांग्याएवढं!"

मनसाराम ताठ बसला. वांग्याएवढं अक्षर! दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर पुरात डोंगा घालायच्या वेळचं हसू आलं.

"आयकलं का, गोकुळा? तुयं ते ऑपरेशन गेलं तलावात!"

गोकुळा आतून हात पुसत आली. "असं नाई. आठ दिवस ठेवा. पारख करा. पास झालं तं घ्या, मी ऑपरेशनाचं नाव काढणार नाई. नापास झालं तं येत्या बुधवारी चामोर्शीले कॅम्प आहे. गुपचूप चलाचं. आहे कबूल?"

"कबूल! जावई साक्षीले आहे."

हेमराजने साहेबाची सगळी पुस्तकं आधीच काढून टाकली होती आणि सासऱ्यासाठी कॉम्प्युटरच्या दुकानातून एक मराठी पुस्तक भरून आणलं होतं. त्याने मुखपृष्ठ उघडून दाखवलं. चित्रात मोठा रोहू, वर ठसठशीत अक्षरं. मनसारामने यंत्र हातभर लांब धरलं.

"मासे... आणि... तलाव!" तो ओरडला. "दिसलं! एका दमात दिसलं!"

तेवढ्यात फाट्यावरून एस.टी.चा हॉर्न आला. हेमराजची दुसऱ्या दिवशी ड्युटी होती. "पान पलटाची बटन ही, मोठं कराची ही, पुढच्या रविवारी नाई तं गुरुवारी येतो, काय ते सांगा!" एवढं बोलून तो पळाला.

मनसारामने पान पलटायचं बटण दाबलं. यंत्राने एकदा काळा डोळा मिचकावला, आणि पान आलं.

पानभर चौकोन होते.

छोटे छोटे, रिकामे, एकासारखे एक. ओळीत चौकोन, ओळीखाली चौकोन. मधे मधे जागा, शेवटी टिंब. लिहिलेलं असावं तशी सगळी मांडणी, फक्त अक्षर एकही नाही. मनसारामने डोळे चोळले. मोठं करायचं बटण दाबलं. चौकोन वाटाण्याएवढे झाले. पुन्हा दाबलं. सुपारीएवढे. पुन्हा. आता अख्ख्या पानावर वांग्याएवढे नऊ चौकोन उरले!

तो घामाघूम झाला. मग त्याचं डोकं चाललं, आणि डोकं चाललं हेच चुकलं. त्याने विचार केला: हे यंत्र सगळं मोठं करून दाखवते. अक्षर मोठं करते. म्हणजे अक्षरावर बसलेला माझा मोतीबिंदूही मोठा करते! आधी एकच बिंदू डोळ्यात होता, आता यंत्राने एकेका अक्षरावर एकेक बसवून दिला. अक्षर खाली आहेच. वर झाकण आहे!

दुसरीही एक शंका आली, ती त्याने मनातच दाबली. अक्षरं आपल्याकडे उशिरा आलेली. उशिरा आलेला पाहुणा लवकर उठतो. उठून गेली नसतील ना?

"वाचा की!" गोकुळा सुई-दोरा घेऊन बसली होती.

आता हा काय करणार? दिसत नाही म्हणावं, तर बुधवारी सुरी!

त्याने खाकरून घसा साफ केला. "तलाव म्हणजे... पाण्यानं भरलेली जागा. त्यात मासे राहतात."

"हे लिव्हाले पुस्तक काढलं का कोणी?"

"सुरुवात आहे, सुरुवात! पुढं आयक. रोहू वरच्या पाण्यात चरतो. मरळ चिखलात दबा धरून बसते. संक्रांत झाली की तलावात मोठं जाळं घालावं, होळीची वाट पाहू नये. पाणी उतरलं की मासा गुदमरून मरतो, आणि मग मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष कपाळाला हात लावून बसतात."

"अध्यक्षाचं बी लिव्हलं आहे?"

"सगळं आहे यात!"

"पण हे तं तुमीच धा सालापासून बोलून राह्यले."

"मंग! पुस्तकवाल्यालेबी अक्कल आहे म्हणायची!"

गोकुळाची सुई थांबली. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा यंत्राकडे. मग पुन्हा जाळ्यात मान घातली. मनसाराम चार पानं वाचत गेला, उताराच्या पाण्यात डोंगा जातो तसा, वल्हं न मारता!

वाचून झालं की यंत्र झोपायचं, आणि झोपताना त्याच्यावर एका दाढीवाल्या गोऱ्या म्हाताऱ्याचं चित्र यायचं. वीज नाही, उजेड नाही, तरी हा बुवा आपला टक लावून पाहतोय! गोकुळाने दुसऱ्याच दिवशी यंत्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. "परका माणूस घरात. कितीदा पदर ओढू मी?"

बोअरिंगवर बायका पाणी भरतात. तिथे गोकुळाने सहज सांगितलं की आमच्याकडे वाचायचं यंत्र आलंय. घागर भरेपर्यंत गावाला कळलं. संध्याकाळी सोसायटीचे अध्यक्ष पोचूभाऊ दारात उभे राहिले. पोचूभाऊ आणि मनसाराम यांचा जुना वाद. मनसाराम म्हणायचा संक्रांतीनंतर जाळं घाला, पोचूभाऊ म्हणायचे होळीनंतर. कारण काय? तर त्यांचा बाप होळीनंतर घालायचा.

"मनसारामभाऊ, नवी वस्तू आणली म्हणते."

"आणली नाई. पाहून राह्यलो."

"घरातल्या घरात पाहून राह्यले? पाळीवर पारख झाल्याबिगर गावात वस्तू राहत नाई. कायदा तुमचाच आहे!"

कायदा त्याचाच होता.

रविवारी सकाळी सगळा मरळटोला पाळीवर जमला. डोंगा पालथा घातला, त्यावर नवं फडकं, फडक्यावर यंत्र. कुंकू लागलं. नारळ फुटला. आणि पोचूभाऊ यंत्र उचलून तलावाकडे निघाले.

"अरे, कुठी नेता?" मनसाराम किंचाळला.

"तीनदा बुडवाचं ना!"

"ते जाळं नाई, अध्यक्ष! विजेची वस्तू आहे! लोकाची आहे!"

"मंग काय पाण्याबिगर पारख कराची? उद्या म्हणान भातात मीठ नको!" पाळीवरच्या साठ घरांनी माना हलवल्या. अध्यक्षांचं म्हणणं रास्त होतं.

तेव्हा गोकुळा पुढे झाली. पोटाशी घडी घालून खोचलेली तंबाखूची मोठी प्लास्टिकची पिशवी काढली, तंबाखू झटकली, यंत्र आत घातलं आणि तोंडाला जाळ्याची गाठ मारली. ती गाठ पुरातही सुटत नाही. पोचूभाऊंनी तीन बुचकळ्या दिल्या. पहिलीला मनसारामने देवाचं नाव घेतलं, दुसरीला जावयाचं, तिसरीला कोणाचंच सुचलं नाही. गाठ सोडली. यंत्र कोरडं! दाढीवाला बुवा तसाच टक लावून पाहत होता, फक्त आता त्याला तंबाखूचा वास येत होता.

"पहिली खेप सगळ्या गावाची," पोचूभाऊ म्हणाले. "पहिलं पान सगळ्या गावाले वाचा."

मनसारामने वांग्याएवढे नऊ चौकोन समोर धरले आणि वाचायला सुरुवात केली. तलाव, रोहू, मरळ. लोक माना डोलवू लागले. मग संक्रांतीनंतरचं जाळं आलं, तसे पोचूभाऊ उठून उभे राहिले.

"थांबा! होळीच्या आंदी, असं लिव्हलं आहे?"

"मी कायले लिव्हू? यंत्रात आहे."

"मले नाई पटत. दुसऱ्यानं वाचाव. सुगंधाबाईले बोलवा!"

मनसारामने यंत्र छातीशी धरलं. सुगंधाबाई! ज्यांनी हात धरून 'ग' गिरवून घेतला त्या! आता बाई बघणार, खरं काय ते वाचणार, आणि भर पाळीवर आपली सालं निघणार!

सुगंधाबाई आल्या. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथे दोरा बांधून तो कानाला अडकवलेला. त्यांनी यंत्र हातात घेतलं. जवळ नेलं. लांब नेलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब आला, पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण सगळे मनसारामच्या कपाळावरचा घाम पाहत होते.

"बाई, काय लिव्हलं आहे?" पोचूभाऊंनी विचारलं.

सुगंधाबाईंनी एकदा आपल्या जुन्या विद्यार्थ्याकडे पाहिलं. मग गावाकडे. मग ताठ मानेने म्हणाल्या, "मनसारामभाऊंनी वाचलं तेच लिहिलेलं आहे. शब्द न् शब्द."

पोचूभाऊंनी हात जोडले. यंत्राला, मनसारामला नाही. बापाच्या शब्दाच्या वर एकच गोष्ट असते, ती म्हणजे छापलेला शब्द! सोसायटीने तिथल्या तिथे ठरवलं की मंगळवारी मोठं जाळं घालायचं.

मग कोणी थांबेना. पत्रू पुढे आला. "भाऊ, माह्या शेळीचं काही आहे का यात? आठ दिवस झाले, चारही पाय चार दिशेले टाकून राह्यली."

मनसारामने एक पान पलटलं. चौकोन पाहिले. पत्रूच्या अंगणात मोहफुलं वाळत असतात हे त्याला ठाऊक होतं. "शेळीला मोहफुलं मोकळी सोडू नयेत," त्याने वाचलं.

"अरे बापा!" पत्रू म्हणाला. "म्हून हे झुलून राह्यली! माह्या शेळीचं यायले परदेशात कसं समजलं?"

दुपारपर्यंत मनसारामने गुडघेदुखी, पिसाळलेला कोंबडा, सुनेचा अबोला आणि एक हरवलेली विळी इतक्या विषयांवर वाचन केलं. गाव म्हणत होता, सोसायटीनेच हे यंत्र घ्यावं. घरी आला तेव्हा तो ओसरीच्या खांबाला टेकून बसला. जेवला नाही.

त्याचं डोकं पुन्हा चाललं होतं. सुगंधाबाईंनी वाचलं, 'शब्द न् शब्द' म्हणाल्या. आपण थापा मारल्या त्या नेमक्या खऱ्या निघाल्या, हे एक नवल. पण बाईंना दिसलं आणि आपल्याला नाही, हे नवल नव्हे. म्हणजे यंत्र चांगलं आहे. गाव चांगला आहे. फक्त आपण आंधळे झालो! उद्या यंत्र घेऊन तरी काय करणार? गोकुळाला जन्मभर 'तलाव म्हणजे पाण्यानं भरलेली जागा' ऐकवणार?

त्या दुपारी त्याने हळूच विचारलं, "गोकुळा, तो कॅम्प... बुधवारी आहे म्हणे?"

"हो."

"सहज विचारलं."

गोकुळा उठली आणि आतून पिशवी घेऊन आली. पिशवीत टॉवेल, लोटा, धोतर, रेशन कार्ड, सगळं घडी करून ठेवलेलं होतं. कधीपासून, कोण जाणे!

मंगळवारी गावाने जाळं घातलं, आणि बुधवारी मनसारामने डोळा दिला. त्याबद्दल तो पुढे कधी बोलला नाही. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, हलू नका." आजोबांनी श्वाससुद्धा अर्धाच घेतला. वीस मिनिटांत काम झालं. रात्रभर हिरवी पट्टी, आणि गुरुवारी सकाळी नर्सबाईंनी ती सोडली.

मनसारामने डोळा उघडला. समोरच्या भिंतीवर पाटी होती. "ये-थे थुं-कू न-ये," त्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. इतकं सुंदर वाक्य त्याने आयुष्यात वाचलं नव्हतं! त्याच्या खाली बारीक अक्षरात होतं, "रुग्... रुग्णां... रुग्णांच्या नातेवाइकांनी." नेहमीच्या जागी गाडी अडकली आणि नेहमीसारखी पलीकडे गेली. अक्षरं कुठेही गेली नव्हती. सगळी घरीच होती!

त्याने पिशवीत टाकून आणलेलं यंत्र काढलं. बटण दाबलं.

चौकोन! पण आता काय चौकोन होते! स्वच्छ, काळेभोर, कोपरे सुरीने कापल्यासारखे. आधी चौकोन नुसते दिसायचे, आता मोजता येत होते.

तो काळा चष्मा लावून व्हरांड्यात आला. तिथल्या बाकड्यावर आणखी एक काळा चष्मा बसला होता. मांडीवर एक साधा चष्मा, त्याची एक काडी मोडलेली, तिथे दोरा.

"बाई? तुमी इथी?"

सुगंधाबाई दचकल्या. "सहज आले होते."

"कॅम्पाले सहज?"



"मनसारामभाऊ," बाई म्हणाल्या, "ते यंत्र आहे का जवळ?"

"आहे. तुमीच पाहा. तुमाले तं येते वाचता."

बाईंनी ते घेतलं, काळा चष्मा वर केला, पाहिलं आणि पुन्हा मांडीवर ठेवलं. "तुम्हाला काय दिसतं यात?"

"बाई, पहिले तुमी सांगा."

"नाही, तुम्ही. मी शिकवलं आहे तुम्हाला."

"चौकोन," मनसाराम म्हणाला.

सुगंधाबाईंनी कपाळाला हात लावला. "मलाही चौकोनच! मला वाटलं, माझेच डोळे गेले. विद्यार्थ्याला दिसतं आणि मास्तरणीला नाही, हे गावासमोर कसं सांगू?"

"अवो बाई, मले वाटलं तुमाले दिसून राह्यलं म्हून मी डोळा कापून घेतला!"

"आणि मला वाटलं तुम्हाला दिसतं, म्हणून मी!"

समोरच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला, हे दोन काळे चष्मे इतके हसत कशाला आहेत ते पाहायला. नर्सबाई धावत आल्या. टाके-बिके काही नसले तरी ऑपरेशननंतर इतकं हसायची परवानगी नव्हती.

घरी आले तर हेमराज आणि भाग्यश्री येऊन बसले होते. आठ दिवस भरले होते. "मामाजी, मंग? घ्याचं का परत?"

मनसारामने पान उघडून दिलं. हेमराजने पाहिलं. बटणं दाबली. त्याचं तोंड चौकोनी झालं.

"मामाजी... याले मराठी येतच नाई."

"म्हणजे?"

"आपल्या अक्षराचे साचेच नाईत याच्यात. जे अक्षर ओळखू येत नाई तिथी चौकोन ठेवून देते. मुखपृष्ठ तं चित्र होतं, म्हून दिसलं."

"म्हणजे," मनसाराम सावकाश म्हणाला, "यंत्र अंगठाछाप आहे?"

"तसंच म्हणा."

"परदेशातून आलं, दीड हजार पुस्तकं पोटात घालते, आन् 'ग' येत नाई!" मनसारामने दाढीवाल्या बुवाकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "बाईच्या वर्गात बसवा याले. मी बावन्नाव्या वर्षी शिकलो, हे तं अजून लहान आहे!"

मग तो एकदम गोकुळाकडे वळला. ती कोपऱ्यात जाळं घेऊन बसली होती आणि तिने अजून एक शब्द काढला नव्हता.

"तू काऊन चूप आहेस? ठकवलं नाई का मी तुले?"

"मले पहिल्याच दिवशी समजलं होतं," गोकुळा म्हणाली.

"कसं? तुले तं वाचता येत नाई!"

"तुमी वाचता तवा अडकता. गेल्या बारा सालात एक पान असं नाई गेलं का तुमी चारदा अडकले नाई. आन् त्या यंत्रावर चार पानं वाचले, एकदाबी अडकले नाई. म्हटलं, हे वाचून नाई राह्यले. हे बोलून राह्यले."

"मंग सांगाचं नाई का मले?"

"सांगितलं असतं तं डोळा दिला असता का तुमी?"

 हेमराज खाली पाहून हसला. डोंग्यात सासऱ्याने आपली पारख केली, तेव्हा सासूबाई काठावर उभ्या राहून पाहत होत्या, म्हणजे खरी पारख त्यांचीच, हे त्याला आता उमगलं.

तेवढ्यात पोचूभाऊ दारात आले. हातात कतला जातीचे दोन मोठे मासे. मंगळवारचं जाळं भरून आलं होतं. तलावाचं पाणी त्या वर्षी लवकरच उतरायला लागलं होतं, आणि शेजारच्या गावाने मासा ठेवला तो तिकडे पांढरं पोट करून वर येत होता. मरळटोल्याचा मासा बाजारात पोचला होता.

"यंत्राले दाखवाले आणले," पोचूभाऊ कतले वर धरून म्हणाले. "सोसायटीनं ठरवलं आहे. घेऊन टाकू आपण!"

आता मात्र मनसारामला राहवेना. "अध्यक्ष, त्या यंत्रात काही लिव्हलं नव्हतं. ते सगळं मी बोललो. माह्या मनातलं!"

पोचूभाऊ मोठ्याने हसले. "ऑपरेशननं डोक्यावर परिणाम होते म्हणते, खरं आहे. मनसारामभाऊ, तुमचं धा सालात आयकलं का आमी? यंत्रानं सांगितलं म्हून आयकलं! बाईनं सही केल्यावाणी सांगितलं म्हून आयकलं!"

यंत्र त्याच दिवशी कोरपन्याला परत गेलं. साहेबाने म्हणे ते दुसऱ्या कोणाला दिलं, आणि त्या माणसाने विचारलं की याला तंबाखूचा वास का येतो. पुढच्या वर्षी सोसायटीने मोठं जाळं होळीनंतरच घातलं. यंत्र नव्हतं ना सांगायला! मासा मेला, आणि पोचूभाऊ कपाळाला हात लावून बसले, अगदी पुस्तकात लिहिलं होतं तसे.

दुसरा डोळा मनसारामने त्याच वर्षी दिवाळीनंतर करून घेतला, कोणतंही यंत्र मध्ये न आणता. दुपारचं वाचन पुन्हा पुऱ्या पानावर आलं. तो अडकायचा, गोकुळा सुई धरून थांबायची. 'पारख' हा शब्द मात्र त्याने घरात वापरणं सोडलं.

गोकुळा दोन हजार चौदा साली पौषात वारली, संक्रांतीच्या चार दिवस आधी. मनसाराम दोन हजार सतरा साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वारला.